सुरतेचे बंदर आणि परवान्याचा भरवसा

परवाना मागणाऱ्या देशात स्वतःच्या हिमतीवर फिरता येत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती अर्धीच खरी वाटते. नियम कितीही कडक असो, तो आधी ठाऊक असला की प्रवासी पैशांची, कागदांची आणि दिवसांची तजवीज करतो. त्याचा घात होतो तो परवाना देणाऱ्याच्या लहरीने. याचा पुरावा सुरतेच्या इतिहासात आहे.

1573 मध्ये अकबराने सुरत घेतली आणि हज यात्रेकरूंचे हे मोठे बंदर मोगलांकडे आले. पण तापीच्या मुखापुढचा समुद्र पोर्तुगीजांचा होता. गोवा, दीव, दमण ही ठाणी त्यांच्या हाती होती आणि कार्ताझ, म्हणजे त्यांचा सागरी परवाना, नसलेले जहाज ते पकडत. जहाजाचे व नाखुद्याचे नाव, शस्त्रे, जाण्याचे ठिकाण असा तपशील त्या कागदावर असे. कागदाची फी किरकोळ होती. खरा भुर्दंड पोर्तुगीज ठाण्यावर थांबून भरायच्या जकातीचा. बाबराची मुलगी गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा बादशहाची आत्या असूनही परवान्याच्या घोळात ती सुमारे वर्षभर सुरतेत अडकून पडली. 1576 मध्ये जहाजे सुटली, ती पोर्तुगीजांना दमणकडचे एक गाव दिल्यावर. कार्ताझवर मेरी आणि येशू यांची चित्रे असतात, म्हणून समुद्रमार्गे हज करणे बंधनकारक नाही, असे मत त्या काळी दरबारातल्या एका बड्या धर्मपंडिताने दिल्याचे अकबरकालीन इतिहासकार बदायुनी नोंदवतो. चार ओळींच्या कागदाने धर्मकर्तव्याचा अर्थ बदलू पाहिला!

यावर कोणी म्हणेल, समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता, परवान्याने संरक्षण तरी मिळे. मिळायला हवे होते. पण 1613 मध्ये जहांगिराच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज कार्ताझ जवळ असताना पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले आणि यात्रेकरूंसह गोव्याला नेले. नियम पाळणाऱ्याचेच जहाज गेले. जहांगिराने पोर्तुगीजांचा व्यापार रोखला, दमणवर फौज धाडली. बादशहाच्या आईला हे सोसावे लागले, तर साध्या नाखुद्याने दाद कुठे मागायची?

मोगलांचा कारभारही याहून फार निराळा नव्हता. फ्रेंच प्रवासी तेव्हनो 1666 मध्ये सुरतेत उतरला. त्याने वर्णन केले आहे की जकातघरात पगडी, कमरपट्टा, जोडे उतरवायला लावत आणि संशय आला तर उरलेले कपडेही. 1615 मध्ये आलेला इंग्रज राजदूत टॉमस रो याने झडती देण्यास साफ नकार दिला आणि स्थानिक अधिकाऱ्यांशी त्याचा वाद दीर्घकाळ चालला. राजदूत वाद घालू शकतो; एकट्या प्रवाशाला झडती देऊन गप्प राहावे लागते.

म्हणून परवाना मागणे हाच जुलूम, असे मात्र मी म्हणणार नाही. मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांनीही कोकण किनाऱ्यावर दस्तकाची, म्हणजे स्वतःच्या सागरी परवान्याची, पद्धत चालवली. इंग्रजांनी ती झुगारून त्यांना चाचा ठरवले आणि स्वतः मात्र हिंदी जहाजांना परवाने देत राहिले. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्याला अट घालण्याचा हक्क सत्तेला असतो, आणि तो आंग्र्यांनाही होता. आज अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत जायला भारतीयालाही इनर लाइन परमिट लागते. आपल्याच देशात परवाना कशाला, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. 1873 च्या मूळ नियमामागे इंग्रजांचा व्यापारी स्वार्थ होता हेही खरे. पण तिथल्या लोकांना आज आपली जमीन आणि वस्ती जपण्यासाठी तीच रेषा हवी आहे, आणि एवढे कारण मला पुरेसे वाटते. मुदत, फी आणि भाग अर्जाआधीच कळत असतील, तर सुरतेहून एकटा निघालेला माणूसही तिथे निर्धास्त जाऊ शकतो.

भूतानने 2022 मध्ये परदेशी पर्यटकांवरची ठरावीक किमान दैनिक दराच्या सहलीची सक्ती काढली आणि उघड शुल्क ठेवले. भारतीयांसाठी ते माणशी, रात्रीला 1200 रुपये आहे. रक्कम कमी नाही, पण घरून निघण्याआधी ती मोजता येते. गुलबदनला आपल्या परवान्याची किंमत सुरतेत पोहोचल्यावर कळली.