पिसाळलेला कोल्हा आणि दारातली फळी

शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत. भटकं कुत्रं आत शिरू नये म्हणून काही जण चौकटीला नुसती फळी लावतात. रेबीज काही त्या फळीने अडत नाही. आसपासच्या उसाच्या पट्ट्यात कोल्हे असतात, आणि आपल्याकडे कोल्ह्या-लांडग्यांपर्यंत हा आजार बहुधा पिसाळलेल्या कुत्र्याकडूनच पोचतो. मुंबईत चेंबूर भागातल्या सोनेरी कोल्ह्यांत २०२४ मध्ये रेबीज आढळला होता.

पण रानातल्या जनावराला सुई टोचणार कोण? स्वित्झर्लंडने १९७८ मध्ये कोंबड्यांच्या मुंडक्यांत तोंडावाटे द्यायची लस घालून ती लाल खोकडांसाठी रानात टाकली. १९९९ पर्यंत तो देश रेबीजमुक्त झाला. आपल्याकडे आधी कुत्री: किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर साखळी तुटते. कोल्हे मारून काही साधत नाही, रिकाम्या जागेत दुसरे येतात.

लक्षणं दिसल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य. म्हणून चावा किंवा ओरखडा आला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची नको. लशीचा पहिला डोस त्याच दिवशी घ्या. रानटी प्राण्याच्या चाव्याला सोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते कुठल्या रुग्णालयात मिळतं हे आधीच विचारून ठेवा.