‘नवीन काही आहे का?’ : वेब फीडची ओळख

समजा, विज्ञानाच्या शिक्षकाला उपयोगी पडतील अशी दहा संकेतस्थळे आपल्याला माहीत आहेत. रोज दहाही उघडून पाहायची म्हटली तर वेळ बराच जातो आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी कालचाच मजकूर भेटतो. ही रोजची फेरी संगणकावर सोपवता येईल का? येते. त्यासाठीच वेब फीडची सोय आहे.

फीड म्हणजे संकेतस्थळावर ठेवलेली एक साधी फाइल. तिच्यात ताज्या मजकुराची यादी असते. प्रत्येक नोंदीत शीर्षक, मूळ पानाचा दुवा, तारीख आणि बहुधा थोडक्यात सारांश एवढेच असते. रंग नाहीत, सजावट नाही. संगणकाला वाचता यावी म्हणून ही यादी ठरावीक खुणांनी लिहितात. नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये आरएसएस नावाने अशी पद्धत सुरू केली. पुढे तिची २.० ही आवृत्ती २००२ मध्ये आली आणि २००५ मध्ये ॲटम ही दुसरी पद्धत प्रमाणित झाली. आजही या दोन्ही वापरात आहेत.

या याद्या गोळा करणाऱ्या आज्ञावलीला फीड-वाचक म्हणतात. फीड आपोआप आपल्याकडे येते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आपला फीड-वाचकच ठरावीक वेळाने प्रत्येक संकेतस्थळाकडे जातो आणि विचारतो, ‘नवीन काही आहे का?’ मागच्या भेटीची खूणही तो सोबत नेतो. काहीच बदलले नसेल, तर संकेतस्थळ पूर्ण फाइल न पाठवता ‘३०४’ एवढा सांकेतिक आकडा पाठवू शकते. त्याचा अर्थ ‘बदल नाही’. त्यामुळे वारंवार विचारूनही फारसा भार पडत नाही.

विचारणारे आपण असल्यामुळे दोन फायदे होतात. संकेतस्थळाला आपले नाव किंवा ई-मेलचा पत्ता द्यावा लागत नाही. आणि काय वाचायचे, ही यादी आपल्याच हाती राहते. समाजमाध्यमांवर काय दिसावे हे बहुतांशी त्या कंपनीची गणिते ठरवतात. गूगल रीडर हा लोकप्रिय फीड-वाचक १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा अनेकांनी आपली यादी उतरवून घेतली आणि दुसऱ्या फीड-वाचकात नेली. फीड जागच्या जागी होती. फक्त ती वाचणारे साधन बदलले.

आता एक प्रयोग करून पाहा. थंडरबर्ड या विनामूल्य ई-मेल आज्ञावलीत फीड वाचण्याची सोय आहे. तिच्यात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची, ४.५ व त्याहून अधिक तीव्रतेच्या भूकंपांची फीड जोडा. प्रत्येक नोंदीत तीव्रता, ठिकाण, वेळ आणि खोली मिळते. विद्यार्थ्यांनी महिनाभर रोज जगाच्या नकाशावर एकेक ठिपका द्यावा. प्रशांत महासागराच्या कडेने ठिपक्यांची माळ उमटू लागेल आणि पुस्तकातील भूपट्टांच्या सीमा मुलांच्या हातून नकाशावर येतील. वृत्तपत्रांतील बातम्यांवरून हा नकाशा तयार होणार नाही. कारण तेथे बहुधा मोठे, हानिकारक भूकंपच छापले जातात.

काही पथ्ये मात्र पाळावीत. फीडमध्ये अलीकडच्याच नोंदी असतात. भूकंपांची फीड एक तास, एक दिवस, एक आठवडा अशा वेगवेगळ्या मुदतींची मिळते. संगणक रोज सुरू होणार नसेल, तर आठवड्याची घ्यावी. सगळीच संकेतस्थळे फीड देत नाहीत. काही नुसती शीर्षके देतात. आणि हौसेने पन्नास फीड जोडल्या, तर न वाचलेल्या नोंदींचा ढीग साचतो. पाचांपासून सुरुवात करावी. महिनाभरात जी एकदाही उघडावीशी वाटली नाही, ती काढून टाकावी. फेरी मारण्याचे काम संगणकाचे. काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे ठरवणे मात्र आपल्याकडेच ठेवावे.