सदोष बियाणें व औषधें : जबाबदारी कोणाची ?

दुकानांतून आणलेलें बियाणें उगवलें नाहीं, अगर फवारणीच्या औषधानें उभें पीक करपलें, म्हणजे आपला शेतकरी बहुधा दैवास बोल लावितो. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, आणि कंपनी पाऊस, जमीन व पेरणीची खोली यांजकडे. या बाबतींत कायदा काय सांगतो, तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीचा समज असा कीं, ज्यानें पैसे मोजले त्यानें, व ज्यास मोजले त्याजवरच, फिर्याद करावी. सन १९२८ मध्यें स्कॉटलंडांतील पेस्ली गांवीं एका बाईस तिच्या मैत्रिणीनें बाटलींतील पेय विकत घेऊन दिलें. थोडें पिऊन झाल्यावर बाटलींतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. तिनें स्वतः दमडीही दिली नव्हती; तरी माल शेवटीं ज्याच्या मुखीं जावयाचा त्याची काळजी घेणें हें बनविणाऱ्याचें कर्तव्य आहे, असा निर्णय विलायतेच्या लॉर्ड्स सभेनें १९३२ मध्यें दोघांविरुद्ध तिघे अशा मतांनीं दिला. तथापि बनविणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचें ओझें फिर्यादीच्याच माथीं राहिलें.

आपल्याकडे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलांत असून त्यांत सदोष मालाच्या जबाबदारीचें स्वतंत्र प्रकरण आहे. मालाच्या घडणींत अगर आंखणींत दोष असेल, छापील हमीप्रमाणें तो नसेल, अगर वापराच्या पुरेशा सूचना व धोक्याचा इशारा दिलेला नसेल, तर बनविणारा नुकसानीस जबाबदार. हमी आपण सद्भावानें दिली होती, ही सबब चालत नाहीं. बनविणारा कोण हें कळत नसेल, तर विकणाराही सुटत नाहीं. यास्तव पक्की पावती घेतल्यावांचून दुकानाची पायरी उतरूं नये.

बियाण्यासंबंधीं सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ च्या बियाणें कायद्याशीं निगडित असा निकाल २०१२ चा आहे. राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध आंध्रांतील शेतकरी भांडले. निगमाचें म्हणणें, नमुना प्रयोगशाळेंत तपासलेला नाहीं. न्यायालयानें म्हटलें, शेतकरी सारें बियाणें पेरून टाकतो, नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याजकडून कशी करावी ? बियाणें कायद्यांत शिक्षा आहे, भरपाई नाहीं. म्हणून ग्राहक मंचाचें दार त्यास मोकळें आहे.

असें असलें तरी पुरावा पाहिजेच. आमचें आयुष्य पंचनामे व दाखले लिहिण्यांत गेलें, त्यावरून सांगतों : पीक मोडून दुबार पेरणी केल्यावर येणारी तक्रार कागदावर उभी राहत नाहीं. उगवण फसल्याचें दिसतांच तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा, पोहोच घ्यावी, व पंचनामा होईतों शेत तसेंच ठेवावें. रिकामी पिशवी, तिजवरील लॉट नंबर व पावती जपावी. थोडें बियाणें शिल्लक असल्यास तेंही ठेवावें. निकाल अनुकूल असला तरी नमुना असणें बरें.

औषधाविषयीं एक गोष्ट विशेष. सन २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. डब्यावरील त्रिकोण लाल असेल तर विष अत्यंत जहाल समजावें. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. सूचना वाचल्या नाहींत, अगर दोन औषधें मनानें मिसळलीं, तर कंपनीस बचाव मिळतो. गैरवापर हा तिचा कायदेशीर बचाव आहे. खरेदीदाराच्या संमतीनें वापरणाराही ग्राहक ठरतो. म्हणून फवारणारा मजूर स्वतः पैसे मोजीत नाहीं एवढ्यानें त्याचा हक्क जात नाहीं.

तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगांत करतां येते. मालाची किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं, वकील सक्तीचा नाहीं, आणि एकाच लॉटचे अनेक शेतकरी आयोगाच्या परवानगीनें एकत्र अर्ज करूं शकतात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.