कोड इथला, कायदा तिथला

डीएमसीए : अमेरिकेचा १९९८चा डिजिटल कॉपीराइट कायदा. डिजिटल कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर विकणं हाही गुन्हा.

दिमित्री स्क्ल्यारोव्ह : रशियन प्रोग्रामर. ई-पुस्तकांवरचं संरक्षण काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं. रशियात ते कायदेशीर होतं. लास व्हेगासला व्याख्यान दिलं आणि परतीच्या वाटेवर, १६ जुलै २००१ रोजी, अटक. पुढे त्यांची सुटका झाली. ते सॉफ्टवेअर विकणारी त्यांची कंपनीही खटल्यात डिसेंबर २००२मध्ये निर्दोष ठरली.

धसका : डच संशोधक नील्स फर्ग्युसन यांनी २००१मध्येच एचडीसीपी या डिजिटल व्हिडिओच्या कुलपातल्या त्रुटी शोधल्या, पण प्रसिद्ध केल्या नाहीत. कारण त्यांचं अमेरिकेला जाणं-येणं होतं आणि तिथे डीएमसीएखाली कारवाईची भीती होती.

भारतात : कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ, २०१२च्या दुरुस्तीतलं. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद. प्रोग्राम एकमेकांशी जुळवण्यापुरता कोड उलगडायला त्याच कायद्याच्या कलम ५२ची मुभा.

जालन्यातून : इथे लिहिलेलं सॉफ्टवेअर अमेरिकेत विकलं, तर तिथला कायदाही लागू होऊ शकतो.