बंद ऋतूत मोबाईलवर काम शोधताय? आधी एवढं वाचा



16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. जाळी घरात, नावा काठावर पालथ्या. या दोन महिन्यांत पोरं मोबाईलवर काम शोधतात. आता तर वर्षभरच शोधतात, कारण एका नावेवर दोन भावांचं घर चालत नाही. शोधायलाच पाहिजे, त्यात चूक काही नाही.

पण मागच्या बंद ऋतूत आपल्याच एका सभासदाच्या मुलाला मेसेज आला. घरबसल्या पेन्सिल पॅकिंगचं काम, महिन्याला 25 हजार. आधी नोंदणीचे 500 घेतले. मग ओळखपत्राचे 1,500. मग "सामान पाठवतो, अनामत भरा, परत मिळेल" म्हणून 4,000. सहा हजार गेले आणि समोरचा फोन बंद झाला. ते पैसे नवीन जाळ्यासाठी ठेवले होते. पोरगं लाजेनं पंधरा दिवस घरी बोललंच नाही. म्हणून हे लिहितो आहोत. नाव कोणाचं घेणार नाही, पण असं दुसऱ्या घरी होऊ नये.

खरं काम कुठे शोधायचं?

सरकारी साईटचा पत्ता शेवटी "जीओव्ही डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असा संपतो. हा पत्ता खाजगी माणसाला मिळत नाही. "सरकारी योजना", "रोजगार मिशन" असं मोठं नाव आणि तिरंगा लावला, पण शेवटी "डॉट कॉम" किंवा "डॉट ऑर्ग" असेल, तर ते सरकारी समजू नका. नाव पाहू नका, पत्त्याचं शेपूट पाहा.

आपल्या कामाच्या जागा अशा आहेत:

1. नॅशनल करिअर सर्व्हिस (एनसीएस). केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं हे पोर्टल 2015 पासून सुरू आहे. नोंदणीला एक रुपया लागत नाही. खाजगी कंपन्यांच्या जागाही यावर येतात. जिल्हा निवडताना फक्त पांढुर्णा टाकून थांबू नका. छिंदवाडा टाका, नागपूरही टाका. नागपूर आपल्याला भोपाळपेक्षा किती जवळ आहे ते सांगायला नको. बुटीबोरी, हिंगणा, मिहान तिकडे, आणि सौंसरजवळ बोरगावची औद्योगिक वसाहत इकडे.

2. एमपी रोजगार पोर्टल. आपण ज्याला "रोजगार पंजीयन" म्हणतो ते इथेच होतं. राज्याच्या पुष्कळ भरत्यांत चालू पंजीयन मागतात. मुदत संपली असेल तर आजच नूतनीकरण करा. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी धावपळ नको.

3. कर्मचारी चयन मंडळ. म्हणजे जुनं व्यापम. पोलीस आरक्षक, पटवारी, वनरक्षक यांच्या परीक्षा इथून निघतात.

4. एसएससी आणि रेल्वे. ही गोष्ट आपल्या मुलांनी नीट वाचावी. 2024 पासून सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांच्या कॉन्स्टेबल जीडीची परीक्षा हिंदी-इंग्रजीशिवाय 13 भाषांत होते, त्यात मराठी आहे. रेल्वे भरती बोर्डाची परीक्षाही मराठीत देता येते. कॉन्स्टेबल जीडीला शिक्षण दहावी पास लागतं. घरी मराठी आणि कार्यालयात हिंदी, असं आपल्या पोरांचं होतं. इथे त्याची अडचण नाही. फॉर्म भरताना भाषेच्या रकान्यात काय निवडलं ते स्वतः तपासा.

5. अप्रेंटिसशिप इंडिया. आयटीआय केलेल्यांनी इथे नाव टाकावं. शिकताना महिन्याला विद्यावेतन मिळतं. आपलं सौंसर स्टेशन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं. त्या विभागाच्या अप्रेंटिस जागांवर लक्ष ठेवा.

6. ई-श्रम. ही नोकरीची साईट नाही, असंघटित कामगारांची नोंदणी आहे. 26 ऑगस्ट 2021 ला सुरू झाली. वय 16 ते 59, आणि पीएफ किंवा ईएसआयसी नसलेला मच्छीमार यात नोंदणी करू शकतो. 12 अंकी नंबर मिळतो, आणि तो वापरून एनसीएसवर नाव टाकता येतं. मदतीचा नंबर 14434.

महाराष्ट्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नागपूरला खाजगी कामाला कोणी अडवत नाही. पण महाराष्ट्र सरकारच्या भरतीत बहुतेक ठिकाणी तिथला अधिवासाचा दाखला मागतात, आणि आपण राहतो मध्य प्रदेशात. भाषा मराठी असली म्हणून तो दाखला मिळत नाही. आधी जाहिरात वाचा, मग फी भरा.

फॉर्म भरताना आपल्याकडे होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक कियोस्कवर होते. मुलगा घाईत असतो आणि दुकानदार आपलाच मोबाईल नंबर, आपलाच ईमेल टाकून फॉर्म भरतो. पुढे प्रवेशपत्राचा मेसेज त्याच्याकडे जातो. आता प्रवेशपत्र पोस्टाने घरी येत नाही, आपणच डाउनलोड करायचं असतं. म्हणून नंबर आपला, ईमेल आपला, पासवर्ड घरच्या वहीत लिहिलेला. सिमकार्ड वारंवार बदलू नका.

दुसरी चूक नावाची. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. फॉर्म निघण्याआधीच आधार दुरुस्त करून घ्या.

तिसरी दाखल्याची. ओबीसी असाल तर केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. आणि पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर छिंदवाडा लिहिलेलं आहे. दाखल्याची माहिती भरताना दाखल्यावर जसं आहे तसंच लिहा.

पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही

"खऱ्या नोकरीत पैसे लागतच नाहीत" असं सांगितलं जातं. ते पूर्ण बरोबर नाही. सरकारी परीक्षेला फी असते. एसएससीची 100 रुपये आहे, आणि महिला व एससी-एसटी उमेदवारांना तीही माफ. पण ही फी अर्ज भरतानाच, त्याच सरकारी साईटवर भरली जाते. कियोस्कवाल्याने आपलं सेवाशुल्क घेतलं तर पावती मागा. कोणाच्या खाजगी फोन नंबरवर, क्यूआर कोडवर किंवा खात्यावर पैसे मागितले की समजा जाळ्यात मासा नाही, आपणच अडकतोय. ट्रेनिंग, युनिफॉर्म, लॅपटॉप, अनामत, मेडिकल, कारण काहीही सांगो. ओटीपी तर कोणालाच नाही.

परदेशाचं काम असेल तर आणखी सावध राहा. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. "टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे वर्क परमिट काढू" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. मार्च 2025 मध्ये सरकारने 549 भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. चांगल्या नोकरीच्या नावाने त्यांना नेलं, आणि म्यानमार-थायलंड सीमेकडच्या अड्ड्यांत लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला जुंपलं होतं.

पैसे गेलेच तर

त्याच मिनिटाला 1930 वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. लवकर कळवलं तर पैसे पुढे काढण्याआधी खात्यात अडवता येतात. पंधरा दिवसांनी ती आशा फार कमी राहते. मेसेज, नंबर, व्यवहाराचा फोटो पुसू नका, ते पोलिसांना लागतं.

आणि घरच्या मोठ्यांना विनंती. पोरगं फसलं तर आधी फोन लावा, रागवायचं ते नंतर. त्या मुलाला भीती वाटली नसती तर त्याने पहिल्या 500 रुपयांनंतरच विचारलं असतं.

कोणताही मेसेज खरा की खोटा कळत नसेल तर पैसे भरण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात या. आपण मिळून साईट उघडून पाहू. येताना आधार, दहावीची मार्कशीट, समग्र आयडी आणि स्वतःचा मोबाईल आणा. विचारायला पैसे लागत नाहीत.

ही पोस्ट ज्या घरी नोकरी शोधणारी मुलं-मुली आहेत, तिथे जरूर पाठवा.