सोफ्याचं कापड फाटलं? आधी आतून ठिगळ, मग टाका

शीळफाटा : कल्याण-शीळ आणि मुंब्रा-पनवेल हे रस्ते इथे मिळतात. अवजड गाड्या दिवसरात्र चालू, त्यामुळे शीळ, डायघर, देसाई, खिडकाळीत रस्त्यालगतच्या घरांत धूळ कायमचीच. ही बारीक कच सोफ्याच्या कापडात बसते आणि आपण बसलो-उठलो की धागा घासत राहते. सीटचा पुढचा काठ आधी विरतो. दोन बोटांची फट पडली की घरचे वर चादर टाकतात. पण चादरीखाली फट वाढतच जाते, कारण बसणाऱ्याच्या वजनाने कापड दोन्हीकडून ताणलं जातं.

पूर्ण सोफ्याचं कापड बदलायचं तर कापड, फोम, मजुरी धरून काही हजार जातात. फट लहान असेल तर काम घरीच होतं. पोत्याचं तोंड शिवतो तसे दोन काठ ओढून शिवू नका. विरलेल्या काठाला टाका धरत नाही, शेजारी परत फाटतं. आधी फटीच्या चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं जाड सुती कापड कापा. चमच्याच्या दांड्याने ते फटीतून आत सरकवून सपाट पसरा. काठाला कापडाचा गोंद लावून त्यावर दाबा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा.

मग टाका. काठ थोडा आत दुमडायचा. जाड नायलॉनचा दोरा, आणि मिळाली तर अर्धगोल वाकलेली सुई घ्या. सरळ सुई फोममध्ये घुसते. सुई एका घडीतून पाव इंच चालवायची, मग समोरच्या घडीतून, परत अलीकडे. पाच-सहा टाके ढिले घालून दोरा ओढला की टाके आत लपतात. फक्त शिवण उसवली असेल तर हाच टाका पुरे, ठिगळ नको.

भोक मोठं असेल तर वरून ठिगळ लागतं. त्याच रंगाचं कापड सोफ्यातच सापडतं. सोफा उलटा करून खालचं काळं कापड सोडवा, आत दुमडलेली पट्टी बऱ्याचदा असते. सुट्या गादीचं खालच्या बाजूचं कापडही कापता येतं, तिथे दुसरं लावून टाका.

रेक्झिन चिरलं असेल तर आतून पट्टी आणि रबरी चिकट. हे चिकट दोन्ही बाजूंना लावून, थोडं सुकू देऊन मग दाबायचं. ते पेट घेतं, चुलीजवळ किंवा गॅसजवळ काम नको. झटपट चिकटणारी छोटी ट्यूब वापरू नका, ती कडक होऊन काठ मोडतो.

रेक्झिनचे पापुद्रे सुटत असतील तर मात्र हात लावू नका. त्यात कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, दमट हवेत तो हळूहळू खराब होतो. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्याला पुरेसा आहे. सुईच्या भोकातून तो आणखी सुटतो. तिथे कव्हरच बदलावं लागतं. जुना सोफा घेतानाही रेक्झिन अंगठ्याने ताणून बघा.

दारावर येणाऱ्या कारागिराला काम दिलंत तर फोम बदलणार की फक्त कापड, हे आधी ठरवा, पूर्ण पैसे आधी देऊ नका. आणि उरलेला तुकडा मागून घ्या.