पाणी धातूला शिवते का?

मृग जवळ आला की वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावी लोहाराच्या भात्यापुढे विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा येऊन पडतात. लालभडक पाते तो पाण्यात घालतो, तो क्षण नीट बघा. सुरुवातीला पात्याभोवतीचे पाणी त्या मानाने शांतच असते. मग एकाएकी खवळते, चर्रर्र आवाज होतो आणि पाहता पाहता पाते काळे पडते. लोखंड सर्वांत जास्त तापलेले असते तेव्हाच पाण्याने सर्वांत जोरात उकळायला हवे ना? घडते नेमके उलटे!

कारण त्या पहिल्या क्षणी पाणी लोखंडाला शिवलेलेच नसते. मध्ये वाफेचा पातळ पापुद्रा असतो आणि वाफेतून उष्णता फारच हळू सरकते. खूप तापलेल्या तव्यावर शिंपडलेला थेंब चटकन न आटता पळत सुटतो, तो याच पापुद्र्यावर. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये त्याचे वर्णन केले. मिठाच्या पाण्यात पाते लवकर निवते, ते मिठाचे स्फटिक हा पापुद्रा फोडतात म्हणून.

पापुद्रा कधी जमेल आणि कधी तुटेल, यात धातूच्या अगदी वरच्या थराचा मोठा वाटा असतो. काही पृष्ठांवर पाणी पसरते, काहींवर अळवाच्या पानावर राहावे तसे गोळा होऊन राहते. आता गंमत पाहा. पाणी झिडकारणाऱ्या पृष्ठावर बुडबुडा सहज धरतो, म्हणून उकळी लवकर, थोड्या कमी तापमानाला सुरू होते. पण आच वाढवत नेली की तेच बुडबुडे जागा सोडत नाहीत, एकमेकांत मिसळतात आणि वाफेची चादर अंथरली जाते. पाण्याला जवळ करणाऱ्या पृष्ठावर बुडबुडा जन्मायला उशीर होतो, पण तो सुटला रे सुटला की खालची जागा पाणी पुन्हा भिजवते. म्हणून असे पृष्ठ कितीतरी जास्त उष्णता सोसते.

या सोसण्याला हद्द आहे. साध्या हवेच्या दाबाला, साध्या धातूवर, ती ढोबळमानाने चौरस सेंटीमीटरला १०० वॉट. म्हणजे तळहाताएवढ्या जागेतून दहा किलोवॉटच्या आसपास! १९३४ मध्ये जपानच्या शिरो नुकियामांनी पाण्यात बुडवलेली तार विजेने तापवून ही हद्द दाखवली. ती ओलांडली की वाफ तारेला वेढते, तापमान एकदम शेकडो अंशांनी उसळते आणि भोवती पाणी असूनही निक्रोमची तार वितळून तुटते.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न तारापूरला भेटतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. इंधनाच्या नळ्यांवरच पाणी उकळते आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. नळी क्षणभर कोरडी पडणे तिथे परवडणारे नाही, म्हणून त्या हद्दीच्या बऱ्याच अलीकडे थांबावे लागते.

मग उकळी लवकर फुटावी आणि हद्दही लांब जावी, असे दोन्ही साधेल का? २०१० च्या सुमारास संशोधकांनी पाणीप्रेमी पृष्ठावर पाणी झिडकारणारे बारीक ठिपके उमटवले. बुडबुडे ठिपक्यांवर जन्मतात, पाणी मधल्या जागेतून आत शिरते. मला ही युक्ती फार आवडते. २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाने पोलादाच्या तापलेल्या गोळ्यांना अतिशय जलद्वेषी लेप दिला. ते पाण्यात निवत गेले, पण वाफेचा पापुद्रा शेवटपर्यंत फुटलाच नाही. लोहाराचा तो चर्रर्र नाहीच!

घरच्या चुलीला मात्र यातून फारसा फायदा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत धूर बाहेर काढणारी मगन चूल घडवताना लक्ष आगीकडे होते, ते योग्यच. पातेल्यात उष्णता अडते ती ज्वाळेच्या बाजूला, पाण्याच्या बाजूला नव्हे.

तरी हा खेळ पाहायचाच असेल, तर नॉनस्टिक आणि स्टीलच्या भांड्यांत शेजारी शेजारी पाणी ठेवा आणि तळाशी बुडबुडे कसे धरतात, कसे सुटतात ते निरखा. नॉनस्टिक भांडे रिकामे मात्र तापवू नका. त्याचा लेप खराब होतो आणि फार तापला तर विषारी वायू सोडतो.